एक मेगओहमचं राज्य

महाराष्ट्रात समता आलेली नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी नव्या वीजजोडणीच्या अर्जांना लावलेले टेस्ट रिपोर्ट एकदा काढून पाहावेत. देवगडात भर जुलैत, भिंतींवर बुरशीचे नकाशे उमटलेले असताना, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घराच्या वायरिंगचा इन्सुलेशन रेझिस्टन्स १ मेगओहम. चंद्रपुरात मे महिन्यात, हवेत औषधालाही ओलावा नसताना, १ मेगओहम. कोथरूडच्या कोऱ्या टॉवरमधला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, १ मेगओहम. आणि लाकडी पट्टीवर आजोबांच्या काळात ठोकलेल्या वायरींचा सदाशिव पेठेतला वाडा? तोही १. जात, धर्म, जिल्हा, हवामान, तारेचं वय यांपैकी कशाचाही भेद न मानणारा दुसरा शासनमान्य आकडा कुणी दाखवून द्यावा.

ज्यांनी हा कागद पाहिलेला नाही (म्हणजे घर असलेली जवळजवळ सगळीच मंडळी) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घराचं वायरिंग पूर्ण झालं की परवानाधारक विद्युत ठेकेदाराने ते तपासायचं, तपासणीचे आकडे नमुन्यात भरायचे, पर्यवेक्षकाने आणि ठेकेदाराने सह्या करायच्या, परवाना क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा. तो कागद अर्जासोबत गेला की मीटर येतो. कागदावर दिवे किती, पंखे किती, प्लग किती, पॉवर प्लग किती, एकूण जोडभार किती हे असतं. आणि खाली इन्सुलेशन व अर्थिंगच्या रकान्यांत ओहम आणि मेगओहम. घराच्या आयुष्यात विजेची तपासणी होते ती बहुधा ही एकदाच. त्यामुळे ती बारशासारखी थाटात व्हावी अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात ती घराच्या गैरहजेरीत होते. उपविभागीय कार्यालयाच्या आसपास जिथे स्टॅम्पपेपर, झेरॉक्स आणि चहा मिळतो, तिथेच सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठाही असतो. पत्ता नंतर घातला जातो.

आता तो १ कुठून आला? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत लिहिलं होतं की ५०० व्होल्टचा डीसी दाब एक मिनिट लावून मोजलं, तर इन्सुलेशन रेझिस्टन्स किमान १ मेगओहम भरला पाहिजे. नियमाने ‘किमान’ म्हटलं. ठेकेदारांनी ते विनम्रपणे ‘नेमकी’ असं वाचलं. दहावीला पस्तीसला पास म्हणून बोर्डाने सगळ्या पोरांना सरसकट पस्तीसच द्यावेत, तसं. चांगल्या तारेच्या नव्या घरात हा आकडा १ च्या कितीतरी पट निघतो. त्यामुळे नव्या घराच्या रिपोर्टात १ दिसला तर याचा अर्थ दोनच: एक तर कोऱ्या घरात काहीतरी गंभीर बिघडलंय, नाहीतर मोजलेलंच नाही. आजवर एकाही कार्यालयाने पहिला अर्थ घेऊन एखादा अर्ज परत पाठवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काही ठेकेदार मात्र वृत्तीने अध्यात्माकडे झुकलेले असतात. ते रकान्यात आडवा आठ काढतात. अनंत. दोन खोल्यांच्या घरात अनंताचा साक्षात्कार ५०० व्होल्टमध्ये होतो, हे आपल्या संतपरंपरेला साजेसंच आहे.

मोजायचं यंत्र मेगर. हँडल फिरवायचा जुना काळा डबा किंवा बटणाचा नवा, दोन्ही चालतात. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री दोन्ही वर्गांना तो शिकवतात, त्यामुळे तो कुणाला येत नाही असं नाही. पण मेगर मारायचा म्हणजे मेन बंद करा, टीव्ही-फ्रिज काढा, बल्ब उतरवा, स्विच चालू ठेवा, मग एकेक सर्किट घेऊन मिनिटभर थांबा. आठ सर्किटांचा डीबी (म्हणजे सगळे एमसीबी एकत्र असलेली पेटी) असला तर जोडाजोडीसकट सकाळ जाते. आणि या सकाळी घरमालक शेजारी उभा असतो. एखादा प्रामाणिक वायरमन खरोखरच मेगर घेऊन आला, तर काय होतं?

“हे काय करताय?”

“मेगर मारतोय, काका. रीडिंग घ्यायचंय.”

“किती आलं?”

“किचनच्या सर्किटला पॉइंट चार.”

“आणि पाहिजे किती?”

“एक.”

“मग लिहा की एक! परवा वास्तुशांत आहे. गुरुजींना वेळ दिलीय.”

किचनच्या भिंतीत टाइल बसवणाऱ्याचा खिळा वायरीत घुसलेला असू शकतो, पाइपात सिमेंटचं पाणी शिरलेलं असू शकतं, हे काकांना सांगण्यात अर्थ नाही. काकांनी ग्रहशांतीसाठी नऊ ग्रहांची सोय केलेली असते. दहावा खिळा त्यांच्या यादीत नाही.

म्हणून मी ठेकेदारावर फार रागावू शकत नाही. याच काकांनी स्विचबोर्डाच्या प्लेटा शॅम्पेन गोल्ड रंगात हव्यात म्हणून तीन दुकानं पालथी घातलेली असतात, आणि रिपोर्टचे पाचशे रुपये ऐकून “नुसत्या सहीचे?” असं विचारलेलं असतं. नुसत्या सहीचे पैसे देणाऱ्याला नुसती सहीच मिळते. बाजाराचा हा नियम कुठल्याही विनियमापेक्षा काटेकोर पाळला जातो.

अर्थिंगची तपासणी तर आपण पूर्ण देशी पद्धतीने सोडवली आहे. १०० वॉटचा पिवळा बल्ब, होल्डरला दोन वायरी. एक टोक फेजला, दुसरं अर्थला. बल्ब पेटला. “अर्थिंग ओके, साहेब.” घरातली सगळी मंडळी तो उजेड पाहून निर्धास्त होतात. आता जरा हिशेब करू. १०० वॉटच्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स ५० ओहम, म्हणजे कामातून गेलेला असला, तरी बल्बला २३० पैकी २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. उद्या फ्रिजच्या आतली वायर सुटून पत्र्याला लागली, की त्याच ५० ओहमांतून जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जातात. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने साडेचार अँपिअर म्हणजे कुणीतरी इस्त्री लावली आहे. तो का पडेल? तो चालू राहतो, फ्रिजचा पत्रा जिवंत राहतो, आणि ओल्या हाताने दार उघडायला घरातलं कुणीतरी येतं. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी क्षणात पडावा यासाठी त्याच्यातून १६० अँपिअर जायला हवेत, म्हणजे फेजपासून अर्थपर्यंतच्या अख्ख्या वाटेचा रेझिस्टन्स १.४४ ओहमपेक्षा कमी हवा. नुसत्या खड्ड्यातल्या अर्थिंगवर हा आकडा गाठणं फार अवघड. म्हणूनच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावायचा असतो. तो एवढ्याशा गळतीलाच पडतो. हे गणित दहावीच्या विज्ञानाच्या पुढचं नाही. पण बल्ब पेटलेला दिसतो आणि गणित दिसत नाही.

इथपर्यंतचं सगळं एकवेळ माफ. ज्या रकान्यामुळे मी हे सदर लिहायला बसलो, तो वेगळाच आहे. सर्किटनिहाय तपशिलाचा.

घरात २४ पॉइंट आहेत, हे रिपोर्ट सांगतो. ते किती सर्किटांत वाटलेत? आपल्या मानकांत पूर्वापार लिहिलंय की दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॉटच्या वर नको. पॉवरचं सर्किट वेगळं हवं, त्यावर दोनच सॉकेट. मग कुठल्या सर्किटवर काय आहे, त्याला तार किती चौरस मिलिमीटरची, पुढे एमसीबी किती अँपिअरचा, त्या तारेचा इन्सुलेशन रेझिस्टन्स किती निघाला, अर्थ सलग आहे का, स्विच फेजमध्येच आहे ना की न्यूट्रलमध्ये, हे एकेका ओळीत लिहिणं हाच तपासणीचा गाभा. नुसती बेरीज म्हणजे तपासणी नव्हे. ती जनगणना झाली. आणि जिथे असा तक्ता जोडायचा असतो, तिथे आपली कला कशी फुलते पाहा. पहिल्या ओळीत ‘१.५ चौ.मि.मी., १६ अँपि., ठीक’ असं एकदा नीट अक्षरात लिहायचं. त्याखाली शेवटपर्यंत प्रत्येक रकान्यात दोन-दोन टिंबं. त्या टिंबांच्या हिशेबाने दाराच्या घंटीला आणि गिझरला एकच तार, एकच एमसीबी आणि एकच निष्कर्ष. घंटीला अच्छे दिन आले म्हणायचे. गिझरचं काय व्हायचं ते होवो.

एमसीबी उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. ही एवढी गोष्ट घरोघरी कळली तर अग्निशमन दलाला दिवाळीत सुट्टी मिळेल. तारेला सोसेल त्यापेक्षा जास्त करंट जायला लागला की त्याने पडायचं, बस्स. आता ठरलेली कथा ऐका, ती तुमच्याही सोसायटीत घडली असणार. एसीच्या पॉइंटला बिल्डरने ४ ऐवजी २.५ ची तार टाकलेली आणि पुढे २० चा एमसीबी. मालकाने दीड टनाचा एसी लावला. त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह आला, मग मुलाच्या खोलीतला दुसरा एसीही तिथूनच घेतला, कारण पीओपी फोडायचं नव्हतं. मे महिन्यात एमसीबी रोज रात्री पडू लागला. तो बिचारा सेवा बजावत होता. घरच्यांना तो नाठाळ वाटला. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुणीतरी आलं, त्याने २० काढून ३२ चा घातला. पडणं थांबलं. “हुशार आहे हो पोरगा,” असं म्हणून त्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यात आला. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, हे पीओपीच्या आड घडत असल्यामुळे कुणाला खटकत नाही. डीबीच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला असता – ‘सर्किट ५: मास्टर बेडरूम एसी, तार २.५, एमसीबी कमाल २०’ – तर त्या पोराचा हात ३२ कडे जाताना निदान अडखळला असता.

पण डीबीच्या दाराआड काय असतं? मुळात डीबीच दिसत नाही. तो कालनिर्णयच्या मागे असतो, किंवा इंटिरिअरवाल्याने सागवानी पट्ट्यांचं कपाट करून त्यात त्याला नजरकैदेत टाकलेलं असतं. शोधलाच तर आत पेन्सिलीने लिहिलेलं ‘हॉल’, ‘किचन’, ‘बेड’, ‘बेड’ आणि ‘स्पेअर’. ‘हॉल’ बंद केला की हॉलमधला पंखा सोडून सगळं बंद होतं. ‘बेड’ बंद केला की शेजारच्या टेरेसचा दिवा जातो, तिकडून आवाज येतो. ‘स्पेअर’वर फ्रिज चालतो, आणि हे कळतं चार दिवस गावाला जाऊन आल्यावर, कोथिंबिरीच्या वासावरून. घरातली आई एवढं ओळखून असते की डावीकडून तिसरं खाली केलं की बाथरूमचा गिझर जातो. घराचा अधिकृत सर्किट तक्ता तिच्या डोक्यात असतो. पुढे सुनेला तो तोंडी मिळतो.

गणेशोत्सवात या शास्त्राला बहर येतो. तात्पुरत्या जोडणीसाठी रिपोर्ट लागतो आणि जोडणी मंडप उभा होण्याआधी हवी असते, कारण मंडप उभारायलाच लाइट लागतात. त्यामुळे बांबू अजून ट्रकमध्ये असतात आणि रिपोर्टात त्यांच्यावरून गेलेल्या वायरींचं इन्सुलेशन उत्तम निघतं. दहा दिवसांत पाऊस, हार, ओला गालिचा, धातूची कमान आणि त्यावर गुंडाळलेल्या चिनी माळा अशी त्यात भर पडत जाते. रिपोर्ट मात्र पहिल्या दिवसाचाच राहतो. कशाला पुन्हा मोजायचं? विघ्नहर्ता समोर बसलाय.

विलायतेत काय आहे, हा प्रश्न अशा लेखात कुणीतरी विचारतंच, म्हणून सांगून टाकतो. तिथे बीएस ७६७१ नावाच्या मानकानुसार प्रमाणपत्राला सर्किटनिहाय तक्ता जोडावाच लागतो. एकेका सर्किटच्या ओळीत ढीगभर रकाने. तारेच्या आकारापासून आरसीडी (आपला आरसीसीबी) किती मिलिसेकंदांत पडला इथपर्यंत. इंग्लंडमध्ये २०२० पासून भाड्याच्या घराची वीजतपासणी किमान पाच वर्षांतून एकदा करून भाडेकरूला अहवालाची प्रत देणं घरमालकावर बंधनकारक आहे. म्हणजे लेस्टरला शिकायला गेलेल्या आपल्या पोराला परक्याच्या घरातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या सर्किटची माहिती असते, आणि त्याच्या नाशिकच्या घरात कुठली तार कुठे जाते ते त्याच्या वडिलांनाही ठाऊक नसतं. पण तिकडे सगळे हरिश्चंद्र आहेत असं समजू नका. तपासता येणार नाही तिथे ‘मर्यादा’ असं लिहायची मुभा आहे, आणि आळशी माणसाच्या हातात पेन असलं की अर्ध्या घराला मर्यादा पडतात. फरक एवढाच की तिथे खोटं लिहायचं म्हटलं तरी ओळीओळीला वेगळं खोटं लिहावं लागतं. मेहनत आहे. आपल्याकडे दोन टिंबांत काम होतं.

विनोद इथे जरा थांबवतो. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या आगीत किमान ११ रुग्ण गेले. भंडाऱ्यानंतर राज्यभर तपासण्यांचे आदेश निघाले होते. मधे दहा महिने होते. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी १२ हजारांहून अधिक माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडचे अहवाल सांगतात. त्यात शेतातले पंप आणि तुटून पडलेल्या तारा आल्या, घरातले गिझर आणि फ्रिजही आले.

प्रत्येक आगीनंतर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य असतं: प्राथमिक अंदाजानुसार आग शॉर्टसर्किटमुळे लागली. शॉर्टसर्किट हा महाराष्ट्रातला सर्वांत सराईत आरोपी. दुकान जाळतो, गोदाम जाळतो, झोपडपट्टी जाळतो, आणि सापडल्यावर एकही प्रश्न न विचारता सोडून दिला जातो. कुठल्या सर्किटमध्ये? त्याची तार कितीची होती, पुढे कितीचा एमसीबी होता, तो पडला का नाही, त्याचं इन्सुलेशन शेवटचं कधी आणि किती मोजलं होतं? यांपैकी बहुतेक उत्तरं ज्या कागदावर असायला हवीत, त्यावर १ आणि दोन टिंबं आहेत. ‘शॉर्टसर्किट’ म्हटल्यावर कुणाचीच जबाबदारी उरत नाही: तार टाकणाऱ्याची नाही, सही करणाऱ्याची नाही, कागद न वाचता मीटर देणाऱ्याची नाही आणि ३२ चा एमसीबी बसवून घेणाऱ्या काकांचीही नाही. वीज स्वतःच आली, स्वतःच चुकली, स्वतःच पेटली.

यावर शासनाला माझी एक काटकसरीची सूचना आहे. नमुना छापतानाच इन्सुलेशनच्या रकान्यात १ छापावा, अर्थिंगपुढे ‘बल्ब पेटला’ छापावं आणि सर्किटांच्या तक्त्यात टिंबंही आधीच उमटवून ठेवावीत. ठेकेदाराची शाई वाचेल, कारकुनाची नजर वाचेल, आणि निदान छापखाना तरी जे लिहिलंय ते मनापासून लिहील.

ही सूचना मान्य होईपर्यंत तुमच्या हातात जे आहे ते असं. घराचं काम चालू असेल तर वायरमनला पैसे देण्याआधी त्याच्याकडून सर्किटांचा तक्ता मागा: सर्किट क्रमांक, कुठे जातं, तार कितीची, एमसीबी कितीचा, मेगरचं रीडिंग किती. सगळ्या ओळींत एकच रीडिंग असेल तर पुन्हा मोजायला सांगा, तुमच्यासमोर, आणि त्या सकाळचे पैसे कुरकुर न करता द्या. घर जुनं असेल तर येत्या रविवारी एकेक एमसीबी खाली करून काय बंद होतं ते कागदावर लिहा आणि तो डीबीच्या दाराला आतून चिकटवा. आईला विचारलंत तर अर्धं काम झालंच. तिथेच आरसीसीबी असेल, त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असेल. ते दाबा. घरातली वीज गेली तर ठीक, खटका पुन्हा वर करा. गेली नाही, किंवा असं बटण असलेली वस्तूच डीबीत सापडली नाही, तर सोमवारची वाट न पाहता वायरमनला बोलवा, आणि येताना मेगर आणायला सांगा.